लहान शाळा मोजायची कशी?



आजचा प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून पंधरा-सोळा लेकरं. ही शाळा चांगली की वाईट? हे कोणी ठरवायचं, आणि कशावरून ठरवायचं?

प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. त्या वेळी जो आकडा पुढे आला तो असा: वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांत शिकणारी मुलं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. भागाकार करून बघा. एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. म्हणजे आम्ही आत्ता जी शाळा सांगितली ती काही अपवाद नाही, तशा हजारो आहेत. आणि त्या ठेवायच्या की जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, हा वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही बाजू एकच शब्द वापरतात: गुणवत्ता. तेव्हा हा शब्द कुठून आला, आपल्याकडे शाळा मोजायच्या कोणकोणत्या तऱ्हा झाल्या आणि त्यांचं काय झालं, हे आज बघू.

सिंदीबद्दल दोन शब्द आधी, कारण व्याख्यान इथे आहे आणि ऐकणारे बरेचजण बाहेरचे आहेत. हे गाव नावातच कंसात रेल्वे घेऊन फिरतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, आणि वर्धा-नागपूरच्या मधलं हे स्टेशन त्या लाइनवरचं. कंस लावावा लागतो तो दुसऱ्या सिंदीमुळे. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे. गांधीजी मगनवाडीत राहत असताना सफाईचं काम ज्या सिंदीत चाललं, मीराबहेन जिथे राहिल्या, ती ती सिंदी, ही नव्हे. ही सिंदी तान्ह्या पोळ्याची. इथे नगर परिषद आहे, म्हणजे सरकारी हिशेबात हे शहर. पण सेलू तालुक्याच्या या भागात कोणत्याही दिशेला चार-पाच किलोमीटर गेलात की जिल्हा परिषदेच्या त्या दोन खोल्यांच्या शाळा सुरू होतात. आपलं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

आता आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे थोडं शास्त्र ऐकून घ्यावं लागेल. फार नाही.

आपण ‘संख्या’ आणि ‘गुणवत्ता’ हे दोन परस्परविरोधी शब्द असल्यासारखे बोलतो. संख्या नको, गुणवत्ता हवी, असं भाषणात म्हटलं की टाळ्या पडतात. पण वैशेषिकांनी गुणांची जी यादी केली आहे तीत रूप, रस, गंध, स्पर्श यांच्या पुढचं नाव संख्येचं आहे. म्हणजे त्यांच्या लेखी संख्या हाही एक गुणच. मात्र त्यांनी त्यात एक बारकावा सांगितला. ‘एक’ हा गुण वस्तूत असतोच. ‘दोन’ पासून पुढच्या संख्या मात्र मोजणाऱ्याच्या बुद्धीतून उत्पन्न होतात. त्या बुद्धीला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. हा एक, हा एक, असं कोणीतरी पाहिलं की मग ‘दोन’ होतात. हा बारकावा जरा बाजूला काढून ठेवा. एका शाळेत चाळीस मुलं आहेत असं जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा ते चाळीस कोणाच्या बुद्धीतून उत्पन्न झाले आणि त्या बुद्धीला कशाची अपेक्षा होती, हे विचारायला तो उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट अनुमानाची. धूर दिसला की आग आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं, आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर निघायला आगीबरोबर ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात. आता हे शाळेला लावा. चांगली शाळा असेल तर निकाल चांगला, आणि निकाल चांगला असेल तर शाळा चांगली, अशी दोन वाक्यं आपण बेधडक बोलतो. या दोन्हींच्या मध्ये उपाधी बसलेली आहे. घरी आई शिकलेली आहे का, संध्याकाळी शिकवणी आहे का, कापूस वेचणीच्या दिवसांत पोरगं शाळेत होतं की शेतात, हे सगळं ते सरपण. निकाल वर गेला तो मास्तरांमुळे की शिकवणीमुळे, हे निकालाच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

हे जुने लोक एवढं स्पष्ट सांगून गेले, तरी सरकारांनी शाळा मोजायला घेतल्या तेव्हा पहिल्यांदा धरला तो निकालच. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी सुधारित संहिता आणली. शाळेला सरकारी पैसा किती द्यायचा, तर मुलामागे बारा शिलिंग. त्यातले चार हजेरीवर, आठ परीक्षेवर. वाचन, लेखन, अंकगणित यांतल्या एकेका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. निकालाप्रमाणे अनुदान. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी म्हणून आपल्याला माहीत, पण पोटापाण्याला ते पस्तीस वर्षं शाळा तपासनीस होते, आणि या पद्धतीविरुद्ध ते सतत लिहीत राहिले. त्यांची तक्रार अशी की शिकवणं यांत्रिक होत चाललं आहे. मुलं वाचायला शिकत नाहीत, वाचनाचं पुस्तकच पाठ करतात. तपासनिसापुढे पोरगं घडाघडा म्हणतं, शाळेचे शिलिंग वाचतात.

ही पद्धत आपल्याकडेही आली. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत अनुदानासाठी तिचा वापर झाला. हंटर आयोग १८८२ मध्ये बसला तेव्हा ती चर्चेत होती. आणि या आयोगापुढे आपल्या एका माणसाने जे निवेदन दिलं, ते शाळा कशी तपासावी या विषयावरचं मराठी मुलखातलं पहिलं मोठं लिखाण आहे, असं आमचं मत आहे. ते महात्मा फुल्यांचं.

फुल्यांचं निवेदन आपण सगळे एका कारणासाठी सांगतो: शेतकऱ्यांच्या पैशावर उच्चवर्णीयांचं उच्च शिक्षण चालतं आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं, ही त्यांची तक्रार. ती बरोबरच आहे. पण त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळेबद्दल जे बारीकसारीक सुचवलं आहे त्याकडे फारसं कोणी बघत नाही. ते काय म्हणतात बघा. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला ज्यांना कमीपणा वाटणार नाही असे. पगार किमान बारा रुपये असावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस. गावच्या कारभारात शिक्षकाला स्थान असावं: हिशेब तपासणं, दस्त नोंदणं, टपाल, स्टॅम्पविक्री यांपैकी काहीतरी त्याच्याकडे द्यावं, म्हणजे गाव त्याला मानेल. शिकवायचं काय, तर मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. आणि जो शिक्षक जास्त मुलं उत्तीर्ण करील त्याला पगाराखेरीज काही जादा भत्ता द्यावा.

म्हणजे फुले निकालाला नाकारत नव्हते. पण त्यांची मांडणी आणि लो साहेबांची मांडणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लो साहेब म्हणतात निकाल दाखवा, मग पैसे. फुले म्हणतात आधी पोटापुरता पगार, आणि वर काही बक्षीस. उपाशी मास्तरला निकालावर टांगलं तर तो खोटा निकाल देईल, हे त्यांना सांगावं लागलं नाही. १८४८ पासून शाळा चालवलेला माणूस होता. पुण्यात १८५२-५३ मध्ये त्यांच्या शाळांच्या जाहीर परीक्षा झाल्या, लोक गर्दी करून बघायला आले. परीक्षा कशी सजवता येते आणि कशी सजवता येत नाही, हे दोन्ही त्यांनी पाहिलेलं होतं.

तपासणीबद्दल त्यांनी जे सुचवलं ते तर आजही खात्याच्या भिंतीवर लावावं असं आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून जेमतेम एकदा येतो, त्याचा काही उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा तरी तपासणी व्हावी. आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता जावं. गावकामगार किंवा जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबू नये, कारण त्यांना शंभर कामं. ते आलेच तर वरवर बघून जातात. यात एक गोष्ट आमच्या लक्षात येते ती अशी, की फुल्यांनी तपासणीचं यंत्र सुधारायला सांगितलं ते मास्तरला पकडण्यासाठी नाही. शेतकऱ्याच्या लेकराला काही येतं का, हे सरकारला खरोखर कळावं म्हणून. वर्दी देऊन गेलं तर सरकारला काय कळतं? सारवलेलं अंगण आणि धुतलेले सदरे.

पुढे १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव केला आणि निकालाप्रमाणे अनुदानाची पद्धत सोडून दिली. कर्झनची आठवण आपण चांगल्या अर्थाने क्वचितच काढतो, पण हे एक काम त्यांच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

आपण मध्य प्रांतात होतो, मुंबई इलाख्यात नव्हे, हे विदर्भाबाहेरच्यांना नेहमी आठवून द्यावं लागतं. वर्धा जिल्हाच मुळी १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला. इथल्या शाळांनी मालक बदलले ते पुढेही: डिस्ट्रिक्ट कौन्सिल, १९४८ च्या कायद्याने जनपद सभा, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६२ ला जिल्हा परिषद. आमच्या वयाचे लोक अजून ‘जनपदची शाळा’ म्हणतात. पाटी बदलली, खोल्या त्याच. ते असो.

या जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली ती १९३७ मध्ये. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे नंतरच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नयी तालीम इथून निघाली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं. आता आपल्या विषयाला महत्त्वाचं ते असं, की गांधीजींनी शाळेची एक कसोटीही सांगितली: मुलांच्या हातच्या कामातून शिक्षकाचा पगार निघाला पाहिजे. स्वावलंबन ही ही योजना खरी की खोटी याची परीक्षा.

कसोटी जबरदस्त आहे. खोटं बोलता येत नाही. सूत तरी निघालेलं असतं किंवा नसतं. पण परिषदेतच शंका निघाल्या. के. टी. शहा म्हणाले की मुलांचा माल बाजारात आला तर गरीब कारागिराच्या पोटावर पाय येईल. आणि डॉ. झाकिर हुसेन, ज्यांना पुढे समितीचं अध्यक्षपद मिळालं, त्यांच्या समितीच्या अहवालातच इशारा आहे: आर्थिक बाजूवर भर पडला तर शैक्षणिक आणि सांस्कृतिक हेतू बाजूला पडण्याचा धोका उघड आहे. शिक्षक मुलांच्या हातून काम काढून घेण्यातच सगळं लक्ष घालतील. लक्षात आलं का? लो साहेबांच्या शिलिंगाचाच धोका, फक्त या वेळी शिलिंगाच्या जागी सुताची लड. ज्याच्यावर पैसा बांधाल तेवढंच पिकतं, बाकीचं रान होतं.

त्या अहवालातलं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. रोज साडेपाच तास. त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तव्यवसाय. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं, मातृभाषा चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान तीस, व्यायाम दहा, सुट्टी दहा. वर्षाचे २८८ दिवस. आज कोणी शाळेत २८८ दिवस मागितले तर काय होईल, ते आम्ही बोलत नाही. सभेत शिक्षक बसलेले आहेत.

पण आम्हाला त्या अहवालातला सगळ्यात दूरदृष्टीचा भाग वाटतो तो परीक्षेचा. समितीने प्रचलित परीक्षांना शिक्षणाला लागलेला शाप ठरवलं. मग शाळा तपासायच्याच नाहीत का? तसं नाही. त्यांनी सुचवलं की एखाद्या भागातल्या शाळांचं काम शिक्षण मंडळाच्या तपासनिसांनी बघावं, आणि त्यासाठी निवडक मुलांच्या गटांची नमुना-तपासणी करावी. सगळ्यांची परीक्षा नाही, कोणी पास-नापास नाही. थोड्या मुलांना विचारा आणि त्या भागात शिक्षणाचं काय चाललं आहे याचा अंदाज घ्या. वर्ध्यात, १९३७ साली. नमुना पाहणी हा शब्द तेव्हा किती लोकांच्या कानावर असेल?

हा भाग कोणी अंमलात आणला नाही. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली, दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावशाळा चालवायची अशी. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं केंद्र वर्ध्यातच निघालं. ‘मंदिर’ या नावावरून वाद पेटला, मंत्रिमंडळं गेली, युद्ध आलं. आणि स्वातंत्र्यानंतर शाळा वाढवायच्या होत्या, त्यामुळे मोजमाप राहिलं ते एकच: किती शाळा, किती पट.

पटाचं मग काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पटावर शिक्षक ठरतो, तुकडी ठरते, अनुदान ठरतं. म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारला राज्यभर तीन दिवस पटपडताळणी करावी लागली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानाला लावतात तशी शाई बोटाला लावली. हजेरीपटावर असलेली लाखो मुलं प्रत्यक्षात सापडली नाहीत. अपेक्षाबुद्धीपासून संख्या उत्पन्न होते, हे वैशेषिक सूत्र इतक्या शब्दशः खरं ठरेल असं कणादालाही वाटलं नसेल.

झाकिर हुसेन समितीची कल्पना प्रत्यक्षात आली ती अडुसष्ट वर्षांनी, आणि सरकारकडून नाही. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ मध्ये ‘असर’ ही पाहणी सुरू केली. जिल्ह्यातली काही गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, नेहमीच्या पद्धतीत तीस, आणि प्रत्येक गावात वीस घरं. शाळेत नाही, घरी जायचं. म्हणजे सरकारी, खाजगी, शाळा सोडलेलं, सगळी मुलं येतात, आणि कोणाला अंगण सारवून ठेवता येत नाही. मुलापुढे एक कागद: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. बस. देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतली सुमारे निम्मीच मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकतात, हे वर्षामागून वर्ष दिसत राहिलं. हा आकडा ज्याला झोंबला नाही त्याच्याशी गुणवत्तेवर बोलण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्यात प्रत्येक मूल शिकलं पाहिजे ही भाषा आली, तिच्यामागे या आकड्यांचा दबाव होता असं आम्हाला वाटतं.

त्याच काळात दुसरीही एक लाट आली. शाळा डिजिटल झाल्या, भिंती रंगल्या, आयएसओ प्रमाणपत्रं दारावर लागली. आम्हाला यात तान्ह्या पोळ्याची आठवण येते, आणि सिंदीकरांना हे समजेल. लाकडी नंदी सजवून आणतात, बघणाऱ्याचे डोळे दिपतात, बक्षिसं मिळतात. सजावटीचं बक्षीस सजावटीला देतात, त्यात काही चूक नाही. पण नंदी शेतात जुंपायला कोणी नेत नाही. रंगवलेली शाळा लेकरांना आवडते, हेही खरं आहे. पडक्या भिंतीत शिकावं असं आमचं म्हणणं नाही. एवढंच की भिंत बघून आलेल्या माणसाने शाळा बघितली असं समजू नये.

आता मुख्य मुद्दा. ‘असर’ची पाहणी कितीही चांगली असली तरी ती जिल्ह्याबद्दल बोलते. सहाशे घरांवरून जिल्ह्याचा अंदाज येतो, तुमच्या गावच्या शाळेचा नाही. आणि आपला प्रश्न आहे त्या पंधरा-सोळा लेकरांच्या शाळेचा. इथे टक्केवारी नावाची गोष्ट साफ कोसळते, आणि ती कशी कोसळते हे हिशेबाने दाखवतो. कागद असेल तर घ्या.

समजा एक मास्तर आहेत. त्यांची शिकवण्याची ताकद अशी की त्यांच्या हाताखालचं कोणतंही मूल चांगलं वाचू लागण्याची शक्यता दहात आठ. दरवर्षी तेच मास्तर, तीच मेहनत. चौथीत पाच मुलं. पाचही मुलं वाचू लागली असं शंभरातल्या साधारण तेहेतीस वर्षी होईल: निकाल शंभर टक्के, पेढे, वर्तमानपत्रात फोटो. एक्केचाळीस वर्षी चार मुलं वाचतील: ऐंशी टक्के. आणि उरलेल्या सव्वीस वर्षी तीन किंवा कमी: साठ टक्के किंवा त्याखाली, कारणे दाखवा. मास्तर बदलले नाहीत. शाळा बदलली नाही. फक्त मुलं पाच होती. याच ताकदीच्या शाळेत चौथीत शंभर मुलं असती, तर निकाल ऐंशीच्या आसपासच फिरला असता; शंभर टक्केही नाही आणि साठही नाही.

मूळ गणित अठराव्या शतकातल्या द म्वाव्ह्र या गणितज्ञाचं: सरासरीची डळमळ ही गटातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. गट लहान, डळमळ मोठी. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हे शाळांना लावून दाखवलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळा घेतल्या. सर्वांत वर असलेल्या पन्नासांत सहा शाळा अशा निघाल्या की ज्या सर्वांत लहान पन्नासांतल्या होत्या. प्रमाणाने एक-दोनच निघायला हव्या होत्या. लोक म्हणाले, बघा, लहान शाळा उत्तम! मग त्याने तळ बघितला. सर्वांत खालच्या पन्नासांत लहानांपैकी नऊ. त्या देशात याआधी मोठमोठ्या धर्मादाय निधींनी लहान शाळा काढण्यावर अफाट पैसा ओतला होता, वरची यादी बघून. आपल्याकडे खालची यादी बघून शाळा मिसळायच्या गोष्टी चालतात. पुरावा एकच, तोही कुचकामी; निष्कर्ष दोन.

म्हणून जो अधिकारी तालुक्याच्या यादीत लहान शाळा सर्वांत खाली दाखवून म्हणतो, बघा, यांच्यात दम नाही, त्याला आम्ही म्हणू, महाराज, यादी वरूनही वाचा. आणि जो कार्यकर्ता वरची नावं दाखवून म्हणतो लहान तेच सुंदर, त्यालाही हेच. शिष्यवृत्ती परीक्षेत गावचं एक पोरगं लागलं, सेलूकाट्याच्या नवोदय विद्यालयात एक पोरगी गेली, याचा आनंद करावा, पण त्यावरून शाळा ठरवू नये. नवोदयला साऱ्या जिल्ह्यातून ऐंशी जागा. एक मूल गेलं, उरलेल्या पंधरांचं काय?

तर मग करायचं काय? टक्केवारी नाही, भिंती नाहीत, पटही नाही. इथे लहान शाळेला जी अडचण आहे तीच तिची सोय होते. मोठ्या शाळेत नमुना घ्यावा लागतो. पंधरा मुलांच्या शाळेत नमुना कशाला? सगळ्यांनाच विचारा. ‘एक’ हा गुण वस्तूत असतोच, असं वैशेषिक म्हणतात ना, तर एकेक मूल घ्या. जूनमध्ये शाळेत आलं तेव्हा काय येत होतं, दिवाळीला काय येत होतं, मार्चमध्ये काय येतं. उपाधी बाजूला काढायचा यापेक्षा सोपा उपाय नाही. ज्याच्या घरी पाटीसुद्धा नाही ते मूल अक्षरापासून परिच्छेदापर्यंत आलं, आणि ज्याची आई पदवीधर ते गोष्टीवर आलं आणि गोष्टीवरच राहिलं, तर कोणासाठी शाळेने जास्त काम केलं? शेवटच्या परीक्षेत दुसरं मूल पुढे दिसेल.

आणि हे वर्षभरापुरतं नको. चौथी करून गेलेली मागच्या चार-पाच वर्षांची नावं काढा. लहान गावात ही वीसेक नावं होतात, एका वहीच्या पानावर मावतात. कोण सहावी-सातवीत आहे, कोणाची शाळा सुटली, मुली किती सुटल्या आणि कोणत्या इयत्तेत. निकालाच्या फलकावर हे येत नाही, कारण जे गेले ते मोजणाऱ्याच्या समोर नसतात. फुल्यांनी सांगितलेली वर्दीवाचूनची भेटही ठेवा, पण ती जूनमधल्या प्रवेशोत्सवाला नको. कापूस वेचणीला जोर असतो तेव्हा एखाद्या मंगळवारी अकरा वाजता जा. खोलीत किती लेकरं आहेत, आणि नसलेली कुठे आहेत हे गुरुजींना माहीत आहे का. ज्या गुरुजींना प्रत्येक रिकाम्या जागेचं कारण तोंडपाठ आहे, ती शाळा आम्ही अर्धी चांगली आधीच धरू. दोन शिक्षक दोन-दोन वर्ग एकत्र शिकवतात. एक वर्ग बाई शिकवत असताना दुसरा वर्ग काय करतो ते पाहा. गप्प बसवलेला असतो, की स्वतःचं काम करत असतो? बहुवर्ग शिकवणं हे वेगळं कसब आहे, आणि ते कसब असलेल्या शिक्षकाची बदली झाली की शाळेची गुणवत्ता एका आदेशाने जाते. लहान शाळेचा खरा कच्चेपणा हा आहे. मोठ्या शाळेत एक चांगला माणूस गेला तर नऊ उरतात.

समूह शाळेच्या बाजूने जे बोलतात त्यांचं एक म्हणणं आम्हाला पटतं: तीन मुलांच्या वर्गात खेळायला गडी नाही, वाद घालायला कोणी नाही, ग्रंथालय नाही. हा गुणवत्तेचाच मुद्दा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला तर त्याला प्रामाणिक उत्तर द्यावं लागेल. पण दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं तेही मांडा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. त्याच कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत. सहा वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात नाला ओलांडून किंवा बसची वाट बघत जायचं असेल, तर तिच्या वर्षातले किती दिवस गळतील? ज्या गावात हा निर्णय घ्यायचा तिथे तो आकडा काढणं अवघड नाही. गाडी किती दिवस आली नाही, नाल्याला पाणी किती दिवस होतं, हे आजीलाही सांगता येतं.

हे सगळं कोण करणार, असं मागे बसलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, ते ऐकू आलं. कायद्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचं काम बघणं हे तिचं कामच आहे. बहुतेक ठिकाणी तिची बैठक म्हणजे सह्यांची वही. पण एखाद्या गावात दोन आया बसून त्या वीस नावांचं पान भरायला लागल्या, तर त्यांना ना पदवी लागते, ना प्रमाणपत्र, ना बाहेरचा तपासनीस. मुलाला घरी बसवून दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट वाचायला सांगायची. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिलाही, पोरगं अडखळतं की ओघात वाचतं, हे कानाने कळतं.

त्या पानाचा एक नमुना आम्ही फळ्यावर आखून ठेवला आहे: नाव, जूनमध्ये काय येत होतं, दिवाळीत काय, मार्चमध्ये काय, आणि शेवटी आता कुठे आहे. जाताना उतरवून घ्या. आता प्रश्न घेऊ या. आधी ते मागचे गृहस्थ.